ढोल दहापर्यंत, विमान रात्रभर

रात्री दहानंतर गणपतीपुढचा ढोल वाजला की पोलीस येतात, आणि यावेतही. कायद्याने निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण कुर्ला-घाटकोपरच्या गच्च्यांवरून मध्यरात्री चाकं सोडून उतरणाऱ्या विमानाला शिट्टी कोण मारणार? त्याच्यासाठी केंद्राने 2018 साली वेगळी मापं काढली. गजबजलेल्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा 70, रात्री 65. वीसच डेसिबल तर जास्त, असं वाटेल. डेसिबलच्या हिशेबात वीस म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभरपट. एवढी घसघशीत सवलत दिवाळीतल्या सेललाही नसते.

शिवाय ही मर्यादा सरासरीची. विमान खिडक्या थरथरवून, पाळण्यातलं पोर उठवून गेलं, की मागची शांतता त्याच्याच खात्यात जमा. ती शांतता मुंबईत दोन-तीन मिनिटांची, हा भाग वेगळा.

विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या, म्हणजे फनेल झोनमधल्या जुन्या इमारतींचं तर विचारूच नका. पुनर्विकासात मजले वाढवायचे नाहीत, कारण विमानाला अडथळा होतो. उलट दिशेने होणाऱ्या त्रासाला मात्र कुणाची एनओसी लागत नाही. पावसाळ्याच्या आगेमागे धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवतात. चलाख दलाल फ्लॅट दाखवायला नेमकी तीच वेळ देतो.