पोट्ट्याचा मोबाइल सोडवण्याचा शास्त्रोक्त विधी

वयात आलेल्या पोट्ट्याचा मोबाइल सोडवायचा असेल, तर पालकांनी सर्वप्रथम आपला मोबाइल हाती घ्यावा. त्याशिवाय मोबाइलच्या दुष्परिणामांवर अधिकारवाणीने बोलता येत नाही. मुलांचे डोळे कसे बिघडतात, हा संदेश सकाळपासून चार ग्रुपांवर फिरत असेलच, तो पाचव्यावर ढकलावा आणि मान वर न करता म्हणावं, "काहून रे, दिवसभर त्याच्यातच मुंडकं घालून बसतं?" या विधीला अकोला जिल्ह्यातलं पातूर हे स्थळ उत्तम. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी पोरांना बाहेर पिटाळता येत नाही. संध्याकाळी रेणुकामातेच्या टेकडीवर किंवा लेण्यांकडे न्यावं, तर सोबत कुणीतरी मोठं माणूस लागतं. आणि मोठ्या माणसांची नेमकी तीच रील पाहायची वेळ असते.

एवढ्याने गुण आला नाही तर दंडाकडे वळावं. त्याला आपल्याच अमरावती विभागात पूर्वाधार आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी, मोडली तर दोनशे रुपये दंड. गावाची काळजी खरी होती. कोरोनाच्या काळात शाळेपायी पोरांच्या हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही हातातून सुटला नव्हता. पण हिशेबाचा मुद्दा राहतोच. पोट्ट्याला कमाई नाही. दोनशे रुपये जाणार बापाच्या खिशातून, आणि बहुधा फोन-पेने, म्हणजे दंड भरायलाही मोबाइल काढणं आलं. त्याहून मोठी अडचण 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३च्या अहवालात आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची ती पाहणी. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडेच स्वतःचा फोन होता, मुलींपैकी तर १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं आणि पाचांतल्या चार पोरी ज्या फोनवर बोटं फिरवतात तो घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी असतो. (बंदीचा पहिला बडगा कुणावर बसेल, हेही या आकड्यांवरून कळतं. पोरीच्या हातून फोन काढून घेणं सोपं. त्याला ग्रामसभा लागत नाही.) जप्ती करायचीच, तर पंचनामा बापाच्या सदऱ्याच्या खिशापासून सुरू करावा लागेल, आणि इथेच बरेच पालक हा विधी अर्धवट सोडतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने मात्र तो पुरा केला. कडेगाव तालुक्यातल्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ रोजी ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद राहतील. पोरांनी अभ्यास करायचा. विजय मोहिते तेव्हा सरपंच होते. बांशी आणि वडगाव यांच्यातला फरक केवळ कडकपणाचा नाही. वडगावात दंडापेक्षा भोंग्याचा भरवसा, आणि बंदीही जेमतेम दीड तासाची. पण तो भोंगा वय विचारत नाही. सासूची मालिका आणि सुनेचं व्हॉट्सॲप एकाच आवाजाने थांबतं. पोट्ट्याच्या तक्रारीतली हवाच निघून जाते, कारण फोनमध्ये मुंडकं घातलेला बाप बोट दाखवायला उरतच नाही.

यावर अनुभवी पालक म्हणतील, आमचा मोबाइल कामाचा आहे. अकोल्याच्या बाजार समितीत तुरीला काय भाव निघाला हे पाहावं लागतं. जरूर पाहावं. पण रात्री सात ते साडेआठ तुरीचा लिलाव होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता अभ्यासच फोनवर येतो, मग बंद कसा करायचा? खरं आहे. 'असर'च्याच २०२४च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोनवर काहीतरी अभ्यासाचं केलं होतं, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया पाहिला होता. एकाच डब्यात पोळी आणि जिलबी भरून दिल्यावर लेकराने पोळीच खावी, हे शेजारी बसल्याशिवाय जमत नाही. तासांचा तक्ता भिंतीवर चिकटवून तर नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठीची दोन तासांची सरसकट मर्यादा सोडली आणि घराने मिळून नियम ठरवावेत असं सांगितलं: जेवताना फोन नको, झोपायच्या खोलीत नको. त्यातला 'मिळून' हा शब्द आपल्याकडे येईपर्यंत गळतो.

तेव्हा सुधारित विधी असा. घरातले सगळे चार्जर बाहेर ओसरीत लावावेत. सगळे म्हणजे मोठ्यांचेही, हे स्पष्ट करावं लागतं. जेवायच्या वेळी फोन स्टीलच्या डब्यात टाकावेत, आणि पहिला फोन घरात जो सगळ्यांत जास्त ओरडतो त्याचा असावा. पोट्टे बाकी काही ऐकत नसले तरी हे बारकाईने पाहतात. पातुरात भोंगा बसेल तेव्हा बसेल. तोवर कुकरची तिसरी शिट्टी धरावी.