लाइट काय मिळालाय!

पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा टिपून आलेली हौशी मंडळी आळेफाट्यावर चहाला थांबतात आणि एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकी खुपसतात. ‘कडक, भाऊ! लाइट काय मिळालाय!’ लाइट कुठला? स्लायडर उजवीकडे ढकलून ढग जांभळे आणि गवत पोपटी केलेलं असतं. सगळ्यांचे फोटो त्याच कठड्यावरून काढलेले, त्यामुळे चर्चा लगेच लेन्सच्या किमतीवर घसरते. या भागातला बिबट्या मात्र यांच्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्सला दिसत नाही. तो दिसतो रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला, आणि तेव्हा त्याचा हात काही मोबाइलकडे जात नाही. फाट्याजवळच आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात त्या रेड्याची समाधी आहे. तिचा फोटो या मंडळींच्या ग्रुपवर टाकून बघा. एक अंगठा येणार नाही.