पाठीची माती

मराठीत 'अष्टपैलू' हा शब्द दोनच ठिकाणी निर्धास्तपणे वापरता येतो: क्रिकेटच्या समालोचनात आणि शोकसभेत. एरवी जिवंत माणसाला चार गोष्टींत रस असला, की त्याच्यासाठी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण इस्त्री करून ठेवलेलीच असते. समजा, एखादा मुलगा सकाळी बॉक्सिंगच्या क्लासला जातो, दिवसभर प्रोग्रॅम लिहितो, संध्याकाळी राजकारणावर तावातावानं भांडतो आणि रात्री एकपर्यंत बुद्धिबळाचे डाव मांडतो. लग्नाच्या बायोडेटात 'छंद' या रकान्यात त्यानं हे चारही जसेच्या तसे लिहिले, तर मुलीकडचे पत्रिका बाजूला ठेवून आधी प्रकृतीची चौकशी करतील. म्हणून तिथे 'वाचन, संगीत, प्रवास' लिहायची रीत आहे. या तिघांवर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, कारण त्यांतून माणसाबद्दल काहीच कळत नाही.

माझं म्हणणं असं, की त्या मुलाचे छंद मुळात चार नाहीतच, ती एकच खोड आहे. आपल्या भाषेला हे केव्हाच कळलेलं आहे. डाव कुस्तीत टाकतात, पत्त्यांचा मांडतात आणि राजकारणात साधतात. पेच मल्लाला पडतो तसा मंत्रिमंडळालाही पडतो. निवडणुकीच्या निकालानंतरचं वर्तमानपत्र उघडा. 'चितपट', 'धोबीपछाड', 'अस्मान दाखवलं' हे वाचून परक्या माणसाला वाटावं, काल कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जंगी कुस्त्या झाल्या. आणि त्याच पानावर शह-काटशह, प्यादी आणि वजीरही असतात. प्रोग्रॅमिंग हा या घरातला सर्वांत धाकटा, त्यामुळे त्याच्या वाट्याला नवा शब्द आला नाही. तिथे प्रोग्रॅम नुसता 'गंडतो'. जणू खोलीत आणखी कुणीतरी होतं आणि त्यानं आपल्याला गंडवलं. या चौघांत समान काय, तर काटेकोर नियम असतात, समोर आपलं न ऐकणारं काहीतरी असतं, आणि हरलो तर ते लपवता येत नाही. वाचनात कुणी हरत नाही. संगीतात हरतात, पण ऐकणारे सभ्य असतात. कुस्तीत मात्र पाठीला माती लागते आणि ती पाचशे लोकांना दिसते. तेव्हा माणसाचे छंद मोजायचे असतील, तर ते बायोडेटातून मोजू नयेत, पाठीवरच्या मातीवरून मोजावेत. ज्यात रीतसर हरलात तो तुमचा छंद. बाकीची नुसती आवड.

या मापानं मोजायला एक नमुनेदार माणूस आहे: हॉलंडचा मॅक्स युवे. (या आडनावाचा खरा उच्चार करायला तोंडाची रचना जन्मापासून डच असावी लागते, आपण युवेच म्हणू.) जन्म १९०१चा. शिक्षण गणिताचं, १९२६ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट. पोटापाण्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा. फावल्या वेळात बुद्धिबळ, आणि ते इतकं, की १९३५ साली तो जगज्जेता झाला. शिवाय बॉक्सिंग. त्यानं त्यात कोणकोणती पदकं मारली याच्या गोष्टी बुद्धिबळवाले रंगवून सांगतात आणि अशा गोष्टी सांगताना वजनगटही वाढत जातो. आपल्याला ग्लोव्ह्ज पुरेत. पुढे त्याला संगणकानं झपाटलं आणि १९६४मध्ये तो रॉटरडॅमला त्या विषयाचा प्राध्यापक झाला. आणि निवृत्तीच्या वयात, जेव्हा माणसानं बागेत पाणी घालावं, तेव्हा १९७० ते १९७८ अशी आठ वर्षं त्यानं 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ महासंघाचं अध्यक्षपद सांभाळलं. शीतयुद्धाच्या काळात ते पद म्हणजे निखळ राजकारण होतं. बुद्धिबळ फक्त बैठकीच्या कारणापुरतं.

आता या चिंध्या खरंच सुट्या होत्या का, हे जवळून पाहू. १९२९ साली, संगणक नावाची वस्तू जन्मायच्या पुष्कळ आधी, युवेनं एक निबंध लिहिला. बुद्धिबळाचा डाव कधी संपणारच नाही असं होऊ नये, म्हणून एक नियम होता: चालींची तीच मालिका लागोपाठ तीनदा आली, तर डाव बरोबरीत. नियम ऐकायला चोख वाटतो. युवेनं त्याला भोक पाडलं. शून्य घ्या. त्याच्यापुढे त्याचं उलटं लिहा: ०१. आता या दोघांचं उलटं पुढे जोडा: ०११०. पुन्हा तेच: ०११०१००१. असं जन्मभर करत बसलात, तरी कुठलाही तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही. पटावर शून्य म्हणजे मोहऱ्यांची एक ये-जा, एक म्हणजे दुसरी ये-जा असं ठरवलं, की दोन खेळाडू नियमाचा भंग न करता प्रलयापर्यंत मोहरी हलवत बसू शकतात. ही माळ इतर गणितज्ञांना त्याच्याआधीच सापडली होती. युवेला ते ठाऊक नव्हतं, त्यानं ती स्वतंत्रपणे शोधली. हा बुद्धिबळाचा निबंध आहे, गणिताचा आहे, की प्रोग्रॅमिंगचा? आणि नियमाला धक्का न लावता काहीही न घडवता अनंत काळ चालू राहणं हे ज्यानं सिद्ध केलं, त्याला पुढे आंतरराष्ट्रीय समित्यांच्या बैठका जड गेल्या नसणार. चिंध्या म्हणाव्यात, तर शिवण इतकी बारीक आहे की उसवायला जागाच सापडत नाही.

पण मी मातीची गोष्ट करत होतो. १९३५च्या सामन्यात युवे तेव्हाचा जगज्जेता अलेखिन याच्यापुढे सुरुवातीलाच तीन गुणांनी मागे पडला होता. तीस डावांनंतर तो साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असा निसटता जिंकला. जिंकल्यावर त्यानं काय करावं? विजेत्यांची सनातन रीत अशी, की हरलेल्याला परत बोलावण्याआधी तारखा, पैसे, प्रकृती यांचे प्रश्न काढायचे. युवेनं दोन वर्षांत अलेखिनला परतीचा सामना दिला आणि साडेनऊ विरुद्ध साडेपंधरा असा सपाटून हरला. १९४८ साली पाच जणांत जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली. वीस डावांत त्याचे गुण चार. शेवटचा नंबर. माजी जगज्जेत्याच्या पाठीला याहून जास्त माती लागायची म्हणजे बैल लावून नांगरायला हवं. ज्याचं आयुष्य एकाच पटावर मांडलेलं असतं, त्याचा पट उधळला की आयुष्य उधळतं. याच्याकडे फळा-खडू होता, गणित होतं, आणि लवकरच ज्याच्याबद्दल कुणालाच फारसं काही कळत नाही असं एक नवं यंत्र येणार होतं. ते आल्यावर हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला.

त्याच यंत्राचा अभ्यास करायला तो १९५७मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा न्यूयॉर्कला एका चौदा वर्षांच्या पोरासोबत दोन डाव खेळला. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला. पोराचं नाव बॉबी फिशर. पंधरा वर्षांनी हाच फिशर सोव्हिएत संघाच्या स्पास्कीशी जगज्जेतेपदासाठी खेळायला आइसलंडमधल्या रेक्याविकला वेळेवर पोहोचलाच नाही, आणि अध्यक्ष होता युवे. नियमाप्रमाणे फिशर बाद व्हायला हवा होता. युवेनं सामना दोन दिवस पुढे ढकलला, सोव्हिएत मंडळी खवळली, आणि मग अध्यक्षमहाशयांनी आपल्या हातून नियम मोडला गेल्याची लेखी कबुली देऊन टाकली. सामना वाचला. राजकारणात असलेल्या किती माणसांनी, पदावर असताना, 'चूक माझी' असं सहीनिशी लिहून दिलंय हे वाचकांनीच आठवून पाहावं. बोटं पुरतील, नव्हे, उरतील. हे लिहायला जो निबरपणा लागतो तो हरण्याच्या सरावातून येतो. १९७५मध्ये फिशरच्या अटी पुन्हा वाढल्या, तेव्हा मात्र याच माणसानं त्याचं जेतेपद काढून आव्हानवीर कार्पोव्हला दिलं. आणि १९७६ साली आपल्या मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्यावर गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा स्त्रियांना अशा स्पर्धांची दारं बंद करता येणार नाहीत, असा निर्वाळा याच युवेनं दिला. मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला मुलींच्या डोक्याबद्दल शंका असण्याचं कारण नव्हतं.

इथे कुणीतरी चष्मा पुसत म्हणेल, की फिशर युवेपेक्षा कितीतरी थोर खेळाडू होता. एका गोष्टीला चिकटला म्हणूनच ना? कबूल. निमूटपणे कबूल. पटावर फिशर थोर. पण जेतेपद मिळाल्यावर हा थोर माणूस वीस वर्षं सामन्यात एकही प्यादं हलवायला तयार नव्हता. शिखरावर जाऊन बसला आणि उतरायची वाट पाहिलेलीच नव्हती. एकाच गोष्टीला वाहून घेण्याविरुद्ध माझी तक्रार नाही; ज्यांना शिखर गाठायचंय त्यांनी जरूर चिकटावं. मात्र आपल्यापैकी बहुतेकांना शिखर गाठायचं नसतं, सोमवारी सकाळी उठायचं असतं.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे, आणि तो प्रयोगशाळेतून येतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूला खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली; त्यानं बहुतेक मोहरी बिनचूक मांडली. मग तीच मोहरी वाटेल तशी विस्कटून दाखवली, तर उस्ताद आणि नवशिका जवळजवळ सारखेच गडबडले. म्हणजे बुद्धिबळानं स्मरणशक्ती वाढत नाही, बुद्धिबळापुरतीच वाढते. मग पटावरचं शहाणपण रिंगणात, आणि रिंगणातलं संगणकात कसं जाणार? जात नाही. 'बुद्धिबळानं मुलांचं गणित सुधारतं' असल्या जाहिरातींच्या बाजूनं मी साक्ष देणार नाही. एका खेळातलं कौशल्य दुसऱ्यात उतरत नाही, हे मान्य. उतरते ती फक्त हरण्याची सवय. आणि गंमत पाहा, हा आक्षेप घेणारे सायमन कोण? पदवी राज्यशास्त्राची, काम मानसशास्त्राचं, संगणकाला बुद्धिबळ शिकवणाऱ्या पहिल्यावहिल्या मंडळींत नाव, १९७५चं ट्युरिंग पारितोषिक आणि १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल. चिंध्यांविरुद्ध साक्ष द्यायला गोधडीच उभी राहावी, तसं हे झालं. मातीचं म्हणाल, तर तीही आहे: दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असं भाकीत सायमननी १९५७मध्ये केलं होतं. डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला १९९७मध्ये हरवलं. भाकीत तीस वर्षांनी चुकलं, तेही चारचौघांत.

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि त्याला मी सर्वांत जास्त भितो. तो असा: 'युवे राहू दे, आमच्याकडच्याचं बोला. कोपऱ्यातल्या डंबेल्सवर पंचे वाळतायत, पायथॉनचं पुस्तक तिसऱ्या प्रकरणावर उघडं पडलंय, आणि राजकारण म्हणजे सोफ्यावरून पंतप्रधानांना सूचना.' ही तक्रार रास्त आहे, आणि पाठीच्या मातीचं माप याच कामाला येतं. ठोसे कसे मारावेत याचे व्हिडिओ पाहणाऱ्याचं नाक शाबूत असतं. तो बॉक्सिंगमध्ये नाही. पहिल्या फटक्यात चालणारा प्रोग्रॅम लिहिणाराही प्रोग्रॅमिंगमध्ये नाही, त्यानं तो कुठून तरी उचललाय. राजकारणाचं माप तर सरकारनंच काढून ठेवलंय: एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर हरलेल्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त. पाठीची माती सरकार मोजून घेतं अशी ही एकच जागा. अर्थात आपले पुढारी इथेही 'नैतिक विजय' आणि 'आत्मचिंतन' यांचा साबण लावून पाठ स्वच्छ करून घेतात, त्यामुळे व्यावसायिक राजकारण्यांना राजकारणाचा छंद आहे असं मला म्हणवत नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी उभा राहून सात मतांनी पडलेला आणि तरीही पुढच्या सभेला चहा सांगायला स्वतः उठलेला गृहस्थ राजकारणाचा खरा शौकीन.

हरण्याची अशी हौस असलेल्यांची सोय आता हॉलंडनंच करून ठेवली आहे. ॲमस्टरडॅममध्ये युवेच्या नावाचा चौक आहे. तिथे जमिनीवर भलामोठा पट आहे आणि माणसं मोहरी उचलून चालत खेळतात. तिथून काही पावलांवर 'पॅराडिसो' हे सभागृह. २००३ साली तिथे चेसबॉक्सिंगचा पहिला जागतिक सामना झाला. कल्पना एन्की बिलालच्या चित्रकथेतली, ती प्रत्यक्षात आणली इपे रूबिंग या डच कलाकारानं, आणि पहिलं जेतेपदही त्यानंच घेतलं. अकरा फेऱ्या, सहा बुद्धिबळाच्या, मधे मधे पाच ठोशांच्या. नाकातून रक्त पुसत पटाशी बसायचं, विचार करायचा, की घंटा झाली, ग्लोव्ह्ज चढवायचे. मात झाली तरी हरलात, आडवे झालात तरी हरलात, आणि चाल सुचायला फार वेळ घेतलात तर घड्याळापुढे हरलात. युवेला जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. नाहीतर पहिल्या रांगेत बसून त्यानं नियमात भोक कुठे आहे ते आधी शोधलं असतं.