पौष्टिक सर

पौष्टिक सरांचं खरं नाव सेवापुस्तकात असेल, कॉलेजात ते कुणी वापरत नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांत असा एक नमुना असतोच. आमचा मूळचा तिसगावचा. म्हणजे पाथर्डी तालुका. पाऊस बेभरवशाचा, बाजरी भरवशाची. लहानपणी बाजरीला वैतागलेला, नोकरी लागल्यावर गव्हाच्या चपातीने सुखावलेला, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यावर पुन्हा बाजरीच्या भजनी लागलेला. त्या वर्षी अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं. तेव्हापासून सर भाकरीसुद्धा चपला काढून खातात.

थंडीत त्यांचा ‘शाश्वत आहार महोत्सव’ भरतो. प्रास्ताविकात सर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ज्वारीच्या वाणांवर घसरले की आवरत नाहीत. “आपली अनुराधा हलक्या जमिनीतसुद्धा निभावून नेते. सुचित्राला मध्यम जमीन पुरते. वसुधा मात्र भारी जमिनीतच खुलते!” यंदा शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, “तिघींनाही शेतीवालीच स्थळं बघितली का सरांनी?”

देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. तेही डेअरीचे, प्लॅस्टिकच्या डब्यातले.

एरवी महोत्सवात पत्रावळी असतात, हुलग्याची शेंगोळी असते, ठेचा असतो. या सगळ्याचे फोटो अक्षांश-रेखांशासह काढले जातात, कारण नॅकला तसेच लागतात. शेंगोळी कोणत्या रेखांशावर उकळली याची नोंद ठेवणारं दुसरं राष्ट्र जगात नसावं.

यंदा भाकरीसाठी सरांनी पीठ ऑनलाइन मागवलं. खाकी पिशवी, सुतळीची गाठ, वर जात्याचं चित्र. दळल्याची तारीख मात्र मुंगीच्या अक्षरात, आणि तीही दोन महिन्यांपूर्वीची. बचत गटाच्या मावशींनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

“सर, पीठ गेलंय.”

“कुठं गेलंय? पिशवी तर इथंच आहे.”

“कडू झालंय म्हणते मी.”

बाजरीत तेलाचा अंश जास्त. दळली की पीठ लवकर खवट होतं, म्हणून आमच्याकडे घरात बाजरी पोत्याने असली तरी गिरणीत डबाभरच जाते. हे सगळं सरांच्या सादरीकरणात चित्रांसह होतं. तरी सर म्हणाले, “मावशी, कडवटपणा हा औषधी गुण आहे.” प्रमुख पाहुण्यांनी त्या औषधाचा एक तुकडा चावून गिळला आणि अभिप्राय वहीत ‘अविस्मरणीय’ असं लिहिलं. माझ्या मते संपूर्ण वहीतला तो एकच खरा अभिप्राय.

मग सरांनी मेसच्या ठेकेदाराला भर मांडवात गाठलं. “उद्यापासून मुलांना भाकरी!”

ठेकेदार हिशेबी माणूस. “सर, गव्हाची कणीक चिवट, सकाळी एकदा मळली की पोरं लाटत बसतात. बाजरीला तो चिवटपणाच नाही. ऊन पाण्यात एकेका भाकरीपुरतं मळायचं, एकेक थापायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि तव्यावरून थेट ताटात. तीनशे पोरांना दोन-दोन धरल्या तर सहाशे भाकरी. थापायला कोण, तुम्ही येता?”

“दहा रुपयाला एक घ्या, आम्ही येतो की,” मावशी म्हणाल्या. ठेकेदाराला एकदम कुणाचा तरी फोन आला.

सर आता समिती नेमणार, अशी आमची खात्री होती. पण त्यांनी बाह्या सारल्या आणि ते चुलीपुढे मांडी घालून बसले. मावशींनी स्वतःच्या डब्यातलं कालच दळलेलं पीठ काठवटीत ओतलं. सरांनी गोळा तळहाताच्या बुडाने रगडला, पीठ भुरभुरलं आणि थापायला लागले. थाप एकसारखी, कडा कुठे फाटत नव्हती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली; टम्म फुगली. दुसरीही फुगली. मावशी बघतच राहिल्या. “कुठं शिकलात?”

“आई-बाप सहा महिने ऊसतोडीला असायचे. धाकटी तीन होती घरात.” एवढंच बोलले. प्रास्ताविकाला चाळीस मिनिटं घेणारा माणूस!

तिसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा सरांना भान आलं. “अरे, फोटो घेतला का?”

घेतला होता, पण लोकेशन बंद होतं. चौथी मुद्दाम कॅमेऱ्याकडे बघत थापली, ती तव्यावर जायच्या आधीच हातातून फाटली. अहवालात तीच आहे, अक्षांश-रेखांशासह.