काहीतरी चुकलं म्हणे!

बऱ्हाणपूरची सरहद्द मोठी मजेची. इकडे मध्य प्रदेशात जमिनीचा कागद म्हणजे खसरा, तिकडे महाराष्ट्रातल्या रावेरला सातबारा. इकडे अर्ज हिंदीत, तिकडे मराठीत. केळी मात्र दोन्हीकडे तीच, आणि ब्राउझर अपडेट झाल्यावर पडद्यावर गरगरणारं गोल चक्रही तेच. राज्यांच्या सीमेनं ज्यांची फाळणी केली, त्यांना त्या चक्रानं पुन्हा एका खुर्चीवर आणून बसवलं आहे.

सरकारी अर्ज भरून देणाऱ्या किऑस्कवरच्या पोराचं निदान ठरलेलं असतं. "भाऊ, सर्व्हर डाउन आहे." हा सर्व्हर कुठं असतो, कसा दिसतो, कुणी पाहिलेला नाही. दोष अंगावर घ्यायला मात्र तो कायम हजर. काल संध्याकाळी सगळं चालू होतं, रात्री ब्राउझरनं परस्पर नवी आवृत्ती चढवली, सकाळी तेच पान कोरं. तरी डाउन कोण? सर्व्हर!

मग उपचार सुरू होतात. रीफ्रेश. पुन्हा रीफ्रेश. तिसऱ्यांदा जरा जोरात रीफ्रेश, म्हणजे बटणाला गांभीर्य कळावं. त्यानंतर रामबाण: 'सगळं साफ कर.' हिस्ट्री गेली, कुकीज गेल्या, सेव्ह करून ठेवलेले पासवर्डही त्याच झाडूखाली गेले. पान अजून कोरंच, फक्त आता लॉगिनही करता येत नाही. शेवटचा सल्ला: "रात्री दोनला या, तेव्हा साइट मोकळी असते." रात्री दोनलाही पान कोरंच असतं. रांग तेवढी नसते.

बाकीच्या गावांचं सोडा, बऱ्हाणपुरात तरी असा आंधळा कारभार शोभत नाही. मुघल सरदार खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भ-जाणकारानं इथं कुंडी भंडारा उभा केला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच गाठलं आणि भुयारातून नुसत्या उतारानं शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. वर एका ओळीत शंभराहून अधिक कुंड्या. पाणी कमी पडलं, तर एकेका कुंडीत डोकावायचं. या कुंडीपर्यंत धार आहे, पुढच्या कुंडीत नाही, म्हणजे खोळंबा मधल्याच टप्प्यात. सगळा भंडारा उकरायची गरज नाही. मार्च २०२४मध्ये त्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. अक्कल तेवढी कुंडीतच राहिली.

ती आता वर काढू आणि बंद पडलेल्या ब्राउझरला लावू.

पहिली कुंडी: दुसरी एखादी साइट उघडा. ती उघडली, तर ब्राउझर जिवंत आहे. मग बिघडलेली साइट मोबाइलच्या नेटवर उघडून पाहा. तिथंही मेलेली असेल, तरच सर्व्हरच्या नावानं बोटं मोडायचा हक्क मिळतो.

दुसरी कुंडी: टास्क मॅनेजर. खिडकी मिटली म्हणजे ब्राउझर बंद झाला, हा भ्रम आहे. अपडेटनंतर जुन्या आवृत्तीचे तुकडे मागच्या मागं चालू राहतात आणि नव्याला दारातच अडवतात. 'एंड टास्क' करा, मग नव्यानं सुरू करा. निम्मे रुग्ण इथूनच घरी जावेत.

तिसरी कुंडी: इन्कॉग्निटो. तिथं तुमच्या जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शनही तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. साइट तिथं उघडली, तर मुख्य संशयित दोनच उरले. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. कुकीज काढायच्या, तर त्या एका साइटच्याच काढा, साऱ्या गावाच्या नव्हे. फायरफॉक्सवाल्यांनी शिफ्ट दाबून धरून तो सुरू करावा. 'ट्रबलशूट मोड'मध्ये एक्स्टेन्शन आणि ग्राफिक्सची चलाखी दोन्ही बाजूला ठेवली जातात.

चौथी कुंडी: घड्याळ. होय, उजव्या कोपऱ्यातलं. मदरबोर्डवरचा सेल मेला, की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागं जातो आणि सुरक्षेची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात. तारखेच्या बाबतीत मोठ्यांचीही फजिती होते. मे २०१९मध्ये खुद्द मोझिलाच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन एका झटक्यात बंद पडली. तेव्हा आपल्या सेलनं फार लाजू नये.

पाचवी कुंडी: नवं प्रोफाइल. त्यात सगळं सुरळीत चाललं, तर ब्राउझर निर्दोष. वर्षानुवर्षं साठवलेला आपला संसारच नासला आहे. बुकमार्क आणि पासवर्ड तेवढे उचला आणि नव्या घरी जा.

सहावी कुंडी: खालचं विंडोज. विंडोज ७साठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती, आणि २०२३च्या सुरुवातीलाच तिचा विषय संपला. तरी काही दुकानांत ती जोडी अजून संसार करते आहे, आणि तिच्याच समोर लोक आपला आधार, बँक पासबुक आणि अंगठा ठेवतात.

इथं कुणीतरी हुशार म्हणतोच, "अपडेट काढून जुनी आवृत्ती टाका!" टाका. अपडेटनं बुजवलेली भोकं पुन्हा उघडतील आणि चोर आभारी राहतील. शिवाय नव्या फायरफॉक्सनं वापरलेलं प्रोफाइल जुन्या फायरफॉक्सला सहज उघडू दिलं जात नाही. २०१९पासून तशी कडीच बसवली आहे.

आता डिजिटल सहीवाले. निविदा भरणारे ठेकेदार, सीएंच्या ऑफिसातली मुलं, पॉवरलूमवाल्यांचे हिशेबनीस. यांची सही यूएसबी टोकनमध्ये असते आणि साइटला त्या सहीपर्यंत पोचायला तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशी बोलावं लागतं. २०२५च्या शेवटी आलेल्या क्रोम १४२पासून ब्राउझर मध्ये पडून विचारू लागला, 'हिला आतल्या यंत्रांशी बोलू देऊ का?' प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला दहा वर्षं एकच शिकवलं गेलं की अनोळखी खिडकी दिसली, की 'ब्लॉक' दाबा. आज्ञाधारक नागरिकानं ब्लॉक दाबलं. सही गेली. निविदेची मुदतही गेली. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर जाऊन ती परवानगी परत देता येते, एवढं एक वाक्य पोर्टलवर लिहायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

इथंच खरी गोम आहे. आपल्या बाजूच्या सहा कुंड्या आपण तपासल्या. पोर्टलच्या बाजूला एकही कुंडी नाही. तिथं नुसती पाटी: 'काहीतरी चुकलं आहे. कृपया थोड्या वेळानं प्रयत्न करा.' काय चुकलं, कुणाचं चुकलं, थोडा वेळ म्हणजे किती? उत्तर नाही.

आणि वरून कांगावा, की ब्राउझरनं अचानक घात केला. अचानक? जावाच्या आधारे चालणाऱ्या जुन्या सह्या ज्या प्लगइन-पद्धतीवर उभ्या होत्या, ती बंद करणार असं क्रोमनं सप्टेंबर २०१३मध्ये सांगितलं आणि सप्टेंबर २०१५मध्ये ती पुरती काढून टाकली. दोन वर्षांची नोटीस! फ्लॅशचं मरण जुलै २०१७मध्ये जाहीर झालं आणि २०२०च्या अखेरीस झालं. साडेतीन वर्षं! इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, तोही वर्षभर आधी सांगून. इतकी आगाऊ सूचना तर आपल्याकडं लग्नाच्या मुहूर्तालाही मिळत नाही. तरीही कित्येक पोर्टलांवर 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही पाटी मागं राहिली. पाहुणा गेला, स्वागताची कमान उभी.

हा रोग फक्त आपलाच आहे असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे अर्ज फ्लॅशवर होते. फ्लॅश मेला, तेव्हा खात्यानं जानेवारी २०२१मध्ये अर्ज बदलण्याऐवजी फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच बाजारात आणला. आमचे लोक हे वाचून हळहळतील की ही कल्पना आपल्याला आधी का सुचली नाही.

आपण वेगळा पराक्रम केला. केंद्र सरकारनं २०२३मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा लावली, बक्षिसं एकूण ३ कोटी ४१ लाखांची. मार्च २०२५मध्ये झोहो कंपनीचा 'उला' पहिला आला. आनंद आहे. पण त्याचं इंजिनही क्रोमियमचंच, ज्यावर क्रोम चालतो. म्हणजे पोर्टलच कच्चं असेल, तर कोरं पान स्वदेशी ब्राउझरमध्येही तितकंच कोरं दिसेल. स्वाभिमानानं कोरं दिसेल, एवढाच फरक.

खरा उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक मोठ्या ब्राउझरची बीटा आवृत्ती लोकांच्या हाती नवी आवृत्ती पडण्याआधी काही आठवडे फुकट मिळते. ती घ्यायची, पोर्टलचे सगळे अर्ज तिच्यावर भरून पाहायचे, सही करून पाहायची, जे मोडेल ते दुरुस्त करायचं. कंत्राटातच अट टाका, की अशी तपासणी शेवटची कधी झाली ती तारीख मुखपृष्ठावर, मंत्र्यांच्या फोटोशेजारी, ठळक अक्षरांत हवी.

ताजी तारीख टाकणं अवघड जाईल, असं तांत्रिक कारण कृपया सांगू नका. सरकार बदललं, की शेजारचा फोटो त्याच संध्याकाळी बदलतो. कुठल्याही ब्राउझरमध्ये, कुठल्याही विंडोजवर. तो अपडेट आजवर कधी फसल्याचं ऐकलं आहे?