रा. रा. पल्स ऑक्सिमीटर यांस

मुक्काम : टीव्हीखालचा ड्रॉवर, जुन्या सेलांशेजारी

सा. न. वि. वि.

कोरोनाच्या काळात आपण घरोघरी आलात आणि तेव्हापासून आपला शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. कोणाला जरा गरगरलं, की आधी आपण बोट धरायचं आणि घाबरायचं की नाही ते आम्ही मग ठरवायचं. आपल्या या अधिकाराचा मान राखूनच लिहीत आहे.

थंडीतला नेहमीचा प्रसंग घ्या. बाथरूम एवढंसं, गॅस गिझर आतच. खिडकीच्या काचपट्ट्यांवर थर्माकोल, कारण वारा लागतो आणि डास येतात. आंघोळीला गेलेला माणूस हाकेला ओ देईना म्हणून कडी तोडली, तर तो फरशीवर आडवा, हातपाय आखडलेले. फिट आली म्हणून कोणी कांदा फोडतं, कोणी चप्पल शोधतं. तेवढ्यात आपली स्वारी येते. क्षणभर विचार करून आपण ठणकावून सांगता : ९८. "बघा, ऑक्सिजन एकदम फर्स्ट क्लास! पित्त चढलं असेल, लिंबूपाणी द्या."

आपण खोटारडे आहात असं मी म्हणणार नाही. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी आपल्या घराण्याचं तत्त्व मांडलं. तेव्हापासून आपल्याकडे प्रकाश दोनच, एक तांबडा आणि एक अवरक्त. कोंडलेल्या बाथरूममध्ये गिझरच्या ज्योतीतून निघालेला विषारी वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, चिकटलेलं हिमोग्लोबिनही तांबड्या प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं, त्याला आपण तरी काय करणार? एसटीच्या कंडक्टरने भरलेल्या सीटा मोजाव्यात आणि तिकीट कोणाला विचारूच नये, असा हा कारभार. आणि फुकट्याही साधासुधा नाही. सीट धरून बसण्यात ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून चिवट. वर शेजारी बसलेल्या ऑक्सिजनलाही तो स्टॉपवर धड उतरू देत नाही. मेंदू आणि हृदय तिथे ताटकळत उभे, इथे आपला आकडा ९८. सिलिंडरच्या गॅसला निदान मुद्दाम घातलेला वास तरी असतो. याला वास नाही, रंगही नाही.

गंमत पुढे आहे. आपल्या हिशेबी जो भरपूर आहे, तो ऑक्सिजनच डॉक्टर या माणसाला लावतात, घट्ट मास्कने, शंभर टक्क्यांच्या जवळपास. आपला याहून मोठा अपमान कोणता? पण साध्या हवेत विषाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, त्या मास्कने तास-दीड तास. बेशुद्ध पडलेल्यांना, गरोदर बायकांना कधी वाढवलेल्या दाबाच्या बंदिस्त कक्षात ठेवतात, पाणबुड्यांना ठेवतात तशा. तिथे अर्धा तास पुरतो. कोणाला तिथे न्यायचं यावर डॉक्टरांचं एकमत नाही, आणि असा कक्ष जवळ असेलच असंही नाही. मास्कला मात्र एवढी चर्चा लागत नाही. रक्तात विष किती, ते को-ऑक्सिमीटर नावाचे आपले थोरले बंधू रक्ताच्या नमुन्यावरून सांगतात. त्यांच्याकडे प्रकाश जास्त आणि तोरा कमी. त्यांचा निकाल येईपर्यंत ऑक्सिजन थांबवत नाहीत.

आणि माणूस उठून चहा प्यायला, म्हणून सुटला असंही नाही. काहींना मधे चांगलं वाटतं आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरायला होतं, चाल मंदावते, स्वभाव बदलतो. घरचे म्हणतात, वयच झालं. आपल्याला पुन्हा ड्रॉवरमधून काढतात. ९८!

तेव्हा विनंती एवढीच : बंद बाथरूममधून, कोळशाची शेगडी पेटवून निजलेल्या खोलीतून किंवा जनरेटरच्या धुरातून ओढून काढलेल्या माणसाच्या बोटाला आपल्याला लावलंच, तर आपण बॅटरी संपल्याचं निमित्त करावं. लोक वैतागतील, पण मोकळ्या हवेत आणून लगेच ॲम्ब्युलन्स तरी बोलावतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आपल्या आकड्यावर विसंबून झोपणारा एक शेजारी

ता. क. गिझरलाही पत्र लिहिलं होतं, बाथरूमबाहेर बाल्कनीत बदली मागून घ्या म्हणून. सोसायटी म्हणते, बाल्कनीतून इमारतीची शोभा जाते.