वरच्या अंगाला बसणाऱ्या गिर्यारोहकास अनावृत पत्र

नाशिक रोड

तीर्थस्वरूप गिर्यारोहकवर्य यांचे चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले नाव मुद्दामच लिहीत नाही. थोरांची नावे चारचौघांत घेऊ नयेत. शिवाय जेल रोडपासून देवळाली गावापर्यंत आपला गोतावळा मोठा. त्यातल्या निम्म्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असे वाटेल. त्यांना खुशाल वाटू द्यावे.

आधी आभार. उन्हाळ्यात आपण सारे पंजाब मेलने निघालो, मनाली गाठली, फ्रेंडशिप शिखरासाठी तळ मांडला. शिखर 5289 मीटरचे. आम्हा काही जणांना ते तंबूच्या चेनच्या फटीतून नीट बघता आले. आकाशगंगा तर इतकी निरखली की विचारू नका. रात्री पुन्हा पुन्हा बाहेर पडल्याशिवाय ते सुख लाभत नाही, आणि आम्ही पुन्हा पुन्हा बाहेर पडावे याची तजवीज आपण केली होती.

आपल्या सुसंस्कृतपणाला तर तोड नाही. तळावर पाण्याचा ओढा एकच. पहाटे कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून आपण थंडीत कुडकुडत ओढ्याच्या काठाने वर वर चढून जात होता. खडकाचा आडोसा उत्तम, पाणी हाताशी. खाली पाऊण तासाने आचारी त्याच ओढ्यात चहाचे आधण भरत होता. आपण आपली लाज राखलीत. चहात आले घातले होते, म्हणून आम्हाला वेगळे काही जाणवले नाही.

पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा, नंतर बुजवावा, असे डोंगरात शिकवतात. झाडोऱ्याच्या वर माती पातळ आणि गार असते, तिथे पुरलेले लवकर कुजत नाही. म्हणून ते पिशवीत भरून खाली आणावे, असेही शिकवतात. पण हे शिकवण्याच्या वेळी आपण फोटो काढत होता, आणि फोटो खरोखर छान आले आहेत.

आपले पाण्याविषयीचे चिंतनही आम्ही जपून ठेवले आहे. “वाहत्या पाण्याला दोष नसतो.” “बर्फाचं पाणी म्हणजे अमृत.” किती सुंदर! जिआर्डिया नावाच्या जिवाला हे ऐकून भरून येईल. त्याचे कवचबंद गोळे गार पाण्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही टिकतात. पाणी जितके थंड, तितके त्याला मानवते. माणूस आडवा करायला असे दहा गोळेही पुरतात. शिगेलाचे जंतूही दहा ते शंभर असले तरी काम भागते. आपण तर दानशूर, मोजून कधी दिलेच नाही.

बर्फ सगळे मारतो, हाही आपला लाडका सिद्धांत. अलास्कातल्या देनाली पर्वतावर गिर्यारोहकांनी वर्षानुवर्षे काहिल्ट्ना हिमनदीच्या भेगांत विष्ठा टाकली. संशोधकांनी तपासले तेव्हा बर्फात पुरलेले त्यातले जंतू जिवंत सापडले. हिमनदी ते सारे सावकाश खाली आणते आहे. फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी मरत नाही, टिकते, हे आपल्या घरच्यांना ठाऊक आहे. आपला स्वयंपाकघराशी संबंध फक्त जेवण्यापुरता, तेव्हा आपल्याला दोष कसा द्यावा?

आता त्या उकळलेल्या पाण्याविषयी. तळ 3800 मीटरच्या आसपास. तिथे पाणी 87 अंशांच्या जवळपासच उकळायला लागते. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. डाळ शिजेना म्हणून आचाऱ्याने कुकर लावला, तेव्हा आपल्या तल्लख बुद्धीने निष्कर्ष काढला: डाळ शिजत नाही तर जंतू काय मरणार, उकळून गॅस कशाला जाळायचा? महाराज, जंतूंना डाळीइतके शिजावे लागत नाही. सत्तर अंशांपुढे ते भराभर मरतात. दोन हजार मीटरच्या वर पाणी खळखळून तीन मिनिटे उकळू द्यावे, एवढाच नियम. आचारी बिचारा तो पाळत होता. त्याने उकळलेल्या पाण्याने पातेले भरून ठेवले, आणि आपण “फार कढत आहे हो” म्हणत त्यात ओढ्याचे विसण घातलेत. आमच्या जिभा भाजू नयेत एवढीच आपली इच्छा होती, हे मी सर्वांना समजावून सांगितले आहे.

ते घालतानाही स्वतःचा मग बोटांसकट बुडवलात. आपल्या आज्या माठावर ओगराळे ठेवत, भांडे हाताने बुडवलेले दिसले तर अख्खा माठ ओतून देत. त्यांना आपण सोवळ्याच्या खुळ्या बायका म्हणालात. त्या आज्यांनी साबणाचे शास्त्र वाचले नव्हते, पण पाण्यात बोट कुणाचे गेले यावर त्यांचा डोळा होता.

साबणावरून आठवले. आपल्या पाठपिशवीला कॅराबिनरने लटकवलेली सॅनिटायझरची बाटली हे आपल्या मोहिमेचे भूषण. येता-जाता दोन थेंब, की हात निर्मळ! जिआर्डियाच्या कवचाला ते जेल काही करत नाही, नोरोव्हायरसवर त्याचा जोर जेमतेम चालतो, आणि माती लागलेल्या मळकट हातावर ते नुसतेच पसरते. साबण, वीस सेकंद, नखांच्या खालून. पाणी बर्फासारखे गार असते, ही आपली तक्रार मान्य. म्हणूनच स्वयंपाकाच्या तंबूबाहेर तोटी लावलेल्या डब्यात आचारी रोज कोमट पाणी ठेवत होता. त्या पाण्याने आपण दाढी केलीत. हिमालयात दाढी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि चिवडा! नाशिकचा माणूस डोंगरात जाईल आणि चिवडा नेणार नाही, असे होणे नाही. आपण तीन किलो आणलात, कुणाला नाही म्हटले नाहीत. वरून परतल्या परतल्या पिशवीत पहिला हात मनगटापर्यंत आपला. मग उरलेल्यांचे. चिवडा कागदावर ओतून किंवा चमच्याने वाढता येतो हे आम्हाला माहीत होते, पण यजमानाचा अपमान कसा करावा? नुसते पाणी गाळून-उकळून पोट वाचते, असे मानणाऱ्यांनी त्या पिशवीकडे एकदा पाहावे. जंतू मारणारे थेंब आणि गोळ्या पाण्यासाठी असतात. खारट शेंगदाण्यावर त्या चालत नाहीत. थंड पाण्यात गोळीला वेळही जास्त द्यावा लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनला जुमानतच नाही. काहींनी महागडे फिल्टर आणले होते. रात्री ते गोठले, की आतल्या नळ्या चिरतात आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणून ते झोपायच्या पिशवीत कुशीला घेऊन निजायचे. आपण शेजारच्याचा फिल्टर उसना घेतलात आणि रात्री बाहेर विसरलात. उदारता दुसऱ्याच्या वस्तूंबाबतही असावी, ती अशी.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगतो. 1981 साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवले होते की उंचीवर गेले की बाहेरचा दाब घटतो, आतड्यातला वायू फुगतो आणि गिर्यारोहक वाजू लागतात. तेव्हा त्या रात्रींचे तंबूतले संगीत आम्ही आपल्या खात्यावर टाकत नाही. तेवढे निसर्गाचे. त्यापुढचे सगळे आपले.

आपला तो तरुण भक्त आठवतो? शिखरासाठी वर्षभर पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होता. शिखराच्या आदल्या दिवशी त्याला डोकेदुखी, मळमळ, उलटी, अन्न नको. विरळ हवेच्या आजाराचीही लक्षणे हीच, आणि जुलाबाने अंगातले पाणी गेलेल्या माणसाचीही बरीचशी हीच. म्होरक्याने विषाची परीक्षा न घेता त्याला खाली उतरवले, ते योग्यच केले. आपण त्याला निरोप देताना म्हणालात, “पाणी बदललं की होतं असं.” मग पोट बांधणारी एक गोळी दिलीत. त्याला ताप आहे का, रक्त पडते आहे का, हे विचारलेही नाहीत. असले तर ती गोळी द्यायची नसते. त्याचे खरे औषध म्होरक्याच्या थैलीत होते: लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अशाच साध्या पाण्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. मरणोत्तर का होईना, त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपल्यालाही काहीतरी मिळावे, अशी आमची खटपट चालू आहे.

डोंगरात पोट सांभाळावे लागते, हे आपल्या पिढीलाच कळले असेही नाही. 1952 च्या चो ओयू मोहिमेत ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने घशाचे आणि पोटाचे आजार माणसांना कसे खिळखिळे करतात ते पाहिले, आणि पुढच्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी स्वच्छता आणि भरपूर पाणी या गोष्टींचा आग्रह धरला. हिलरी आणि तेनसिंग वर पोचले त्यामागे प्राणवायूच्या नळकांड्यांबरोबर हा आग्रहही होता. पण प्यूसाहेब पडले इंग्रज. आपण अभिमानी मराठे.

तर मराठ्यांकडेच येऊ. किल्ल्यावर आधी पाणी पाहावे आणि मग बांधकाम करावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. रायगडावर, सिंधुदुर्गाच्या तटात शौचकूप आहेत. पावसात, वेढ्यात, अंधारात पहाऱ्यावरच्या माणसाने पाण्याच्या टाक्याकडे जाऊ नये म्हणून केलेली सोय असावी. आपण त्या शौचकुपांसमोर उभे राहून “काय दूरदृष्टी!” म्हणून चित्रफीत काढलीत. चित्रफितीनंतर कुठे गेलात, ते टाक्याजवळच्या ओल्या कागदांवरून मागच्यांना समजले. किल्ले स्वच्छता मोहिमेत दुसऱ्यांच्या बाटल्या गोळा करणारा आपला फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. बाटली दिसते आणि फोटोत शोभते. बाकीचे पावसाबरोबर खाली पायथ्याच्या वाडीच्या विहिरीत उतरते, आणि तिथल्या पोराला कावीळ झाली की आपण गटावर “गेट वेल सून” पाठवता.

पण आपण कृतज्ञ आहात, हे नाकारता येणार नाही. आपण कुलंगवरही मुक्काम केलात. दारणेचा उगम त्याच डोंगरात. तिथून ती धरणात, पुढे चेहेडीच्या बंधाऱ्यावर येते, आणि तिथले पाणी शुद्ध होऊन आपल्याच नाशिक रोडच्या नळांना वर्षानुवर्षे पोचत आले. डोंगरावर ठेवलेले कुणी घरपोच देत असेल तर ती ही नदी. मध्ये पाणी शुद्ध करणारी माणसे आहेत म्हणून आपण आणि आम्ही अजून बोलत आहोत.

हिमालयातली भेट मात्र कुणी शुद्ध न करता पोचवली. आम्ही घरी आलो, कपडे धुतले, फोटो वाटले. साधारण दोन आठवडे होत आले आणि घरात कुजक्या अंड्याच्या वासाचे ढेकर सुरू झाले. जिआर्डियाला उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. “मनालीचं नाही, इथलंच काहीतरी बाधलं,” असे आपण फोनवर ठामपणे सांगितलेत. बिटको चौकातल्या वडेवाल्याने आपले काय घोडे मारले होते?

आपल्या कीर्तीला आता पदव्याही मिळू लागल्या आहेत. लडाखमधले 6153 मीटरचे स्टोक कांगडी शिखर 2020 मध्ये चढाईसाठी बंद झाले. खालच्या स्टोक गावाचे पाणी त्याच डोंगरातून येते आणि तळावरची गर्दी त्यांना सोसवेना. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवरचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कुरणांवरचे, रात्रीचे मुक्काम बंद केले. एव्हरेस्टवर 2024 पासून प्रत्येक गिर्यारोहकाने आपली विष्ठा पिशवीत भरून खाली तळावर आणावी असा नियम आहे. पहिल्या ते चौथ्या छावणीदरम्यान सुमारे तीन टन पडली असावी, असा तिथल्या स्वच्छता समितीचा अंदाज आहे. जगातल्या सर्वांत उंच जागी आपली माणसे आपल्या आधीच पोचली आहेत. एकटे वाटून घेऊ नका.

आता विनंती. पुढच्या मोहिमेच्या यादीत आपले नाव आहे; ते खोडावे असे काही जण म्हणाले, पण आपल्यावाचून गाडीत पत्त्यांचा डाव जमत नाही. फक्त येताना चार गोष्टी आणाव्यात: साबणाची वडी, स्वतःचा मग, चिवडा वाढायला चमचा, आणि ज्या पिशवीला आपण नाक मुरडता ती पिशवी. पाचवी गोष्ट अंगावरच आहे. नखे कापून यावे.

तपासणी नाशिक रोडच्या फलाटावर, गाडी यायच्या अर्धा तास आधी. यातले एक जरी नसले तर आपले तिकीट रद्द करून पैसे परत दिले जातील.

आपला आज्ञाधारक,
त्याच तंबूतला एक

ता. क. सामानात दाढीचा साबण चालणार नाही.